हाड वाढतंय तोवर

“पंधरा वर्षांची होऊ द्या पोरगी, मग एकदाच काय ते ऑपरेशन करू.” हे वाक्य मी इतक्या आईबापांना ऐकवलंय की माझ्या ओपीडीतल्या सिस्टरना ते पाठ झालं होतं. हाडांच्या वाढीचा आजार आणि आत वळलेले गुडघे असं मूल समोर आलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. आता मी ते देत नाही. गरज असेल तर पाच-सहा वर्षांच्या मुलालाही टेबलावर घेतो. हे मत कशाने बदललं ते सांगतो. बदलायला इतका वेळ का लागला तेही सांगतो, कारण ती सगळीच कारणं काही शास्त्रीय नव्हती.

आधी घाबरलेल्या पालकांसाठी एक खुलासा. तीन-चार वर्षांच्या धडधाकट मुलाचे गुडघे आत असतातच. जन्मताना पाय बाहेरच्या बाजूला बाक घेतलेले असतात, दीड-दोन वर्षांत ते सरळ होतात, मग उलटीकडे झुकतात आणि सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचे मोठ्या माणसासारखे होतात. फिनलंडच्या सालेनियस आणि वांका यांनी १९७५ साली मुलांच्या गुडघ्यांचे कोन मोजून हा आलेख मांडला. ओपीडीत आजही तोच कामाला येतो. अशा मुलांना ना खास बूट लागतात, ना पट्टे, ना तेलमालिश. (मालिशीने आजीला बरं वाटतं, तेवढ्यापुरती करावी.)

मी बोलतोय ती मुलं निराळी. कुणाच्या मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जातं आणि ड जीवनसत्त्वाचे कितीही डोस दिले तरी मुडदूस हटत नाही. कुणाच्या मूत्रपिंडाला रक्तातलं आम्ल बाहेर टाकता येत नाही. त्याचाही शेवट मुडदुसातच. कुणाला मॉर्क्वियोचा आजार, म्हणजे एक एन्झाइम कमी आणि त्यामुळे कूर्चेत नको ते साठत जाणं. कुणाच्या सगळ्याच लांब हाडांची टोकं जन्मापासून बेढब. आजार वेगवेगळे, पण चालण्याची तऱ्हा एकच. गुडघा दुसऱ्या गुडघ्याला अडकू नये म्हणून पाय बाहेरून फिरवत आणायचा. उभं राहताना एक गुडघा दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवायचा. दोन घोट्यांमध्ये वीतभर अंतर. पायजमा आधी झिजतो तो गुडघ्याच्या आतल्या बाजूला. आणि प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभं असतं तेही बहुधा हेच मूल, कारण उंची वाढलेलीच नसते.

नव्वदच्या दशकात मुंबईत शिकताना आम्हाला जे सांगितलं गेलं त्यात तर्क होता. तेव्हा आमच्या हातात उपाय एकच : गुडघ्याजवळ हाड कापायचं, पाचर काढायची किंवा फट उघडायची, सरळ करायचं आणि प्लेटने नाहीतर प्लास्टरने धरून ठेवायचं. आजारी हाड कापलं तर जुळायला वेळ घेतं. जुळलं तरी मूल अजून वाढतंय, आजार तसाच आहे, म्हणजे दोन-तीन वर्षांत पुन्हा वाकडं. पुन्हा भूल, पुन्हा छिन्नी, पुन्हा सहा आठवडे प्लास्टर. नडगीच्या वरच्या टोकाशी असा गुडघा एका झटक्यात सरळ करताना बाहेरच्या बाजूची पेरोनियल नस ताणली जाते आणि पाऊल लुळं पडू शकतं. ही भीती तेव्हा खरी होती, आजही खरी आहे. म्हणून ‘वाढ संपू द्या, मग कापा’ हा सल्ला निष्काळजीपणाचा नव्हता. ज्यांनी तो आम्हाला शिकवला त्यांनी अशी दोनदोन, तीनतीनदा कापलेली मुलं पाहिली होती.

पण थांबण्याची किंमत कुणीतरी मोजतच असतं. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेष ओढली तर ती गुडघ्याच्या मधोमध जायला हवी. या मुलांत ती बाहेरच्या कडेवरून जाते, काहींत तर गुडघ्याला न शिवता बाहेरूनच निघून जाते. सगळा भार गुडघ्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर. १८६२ साली ह्यूटर आणि फोल्कमान या दोन जर्मन सर्जननी लिहून ठेवलंय की वाढीच्या पट्टीवर दाब वाढला की वाढ मंदावते, दाब हटला की ती जोर धरते. वाढीची पट्टी म्हणजे हाडाच्या टोकाजवळचा कूर्चेचा पातळ थर. हाड लांब होतं ते तिथून. आता बाहेरची बाजू दबलेली, म्हणून ती कमी वाढते. आतली मोकळी, म्हणून ती जास्त. गुडघा आणखी आत जातो, बाहेरची बाजू आणखी दबते. काहींची गुडघ्याची वाटी बाहेर सरकायला लागते. ज्यांची कूर्चा मुळातच कच्ची, त्यांचा गुडघा विशी-तिशीत म्हाताऱ्या माणसासारखा दुखायला लागतो. पंधराव्या वर्षी मी हाड सरळ करून देऊ शकतो, झिजलेली कूर्चा नाही. हे सगळं मला परीक्षेपुरतं तोंडपाठ होतं.

आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या कितीतरी संघटनांच्या बोधचिन्हावर खुंटाला दोरीने बांधलेलं वाकडं झाड असतं. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याच्या १७४१ सालच्या पुस्तकातलं ते चित्र. परिषदेत कोटाच्या खिशावर ते चित्र लावून आम्ही हाड कापण्याच्या तऱ्हांवर तासन्‌तास बोलायचो. बांधून सरळ करण्याची कल्पना कुणाला सुचलीच नव्हती असं नाही. १९४५ साली हास यांनी वाढीच्या पट्टीभोवती तारेचा फास टाकला की वाढ थबकते आणि फास सुटला की पुन्हा सुरू होते, हे दाखवलं. १९४९ साली मिलवॉकीच्या वॉल्टर ब्लाउंट यांनी पट्टीच्या एका बाजूला जाड स्टेपल ठोकून वाढ तेवढ्याच बाजूला रोखली. दुसरी बाजू वाढत राहते आणि पाय आपोआप सरळ होतो. पण हे स्टेपल तुटायचे, निसटून बाहेर यायचे, आणि पट्टी कायमची मिटून बसेल ही धास्ती असायची. आमच्या पिढीने त्या प्रकाराला नाक मुरडलं ते मुरडलंच.

मग अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पीटर स्टीव्हन्स यांनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी दोन भोकांची छोटी प्लेट आणली आणि २००७ साली ३४ मुलांचा पहिला अनुभव छापला. एक स्क्रू वाढीच्या पट्टीच्या वर, एक खाली. स्टेपल ताठ असतो. इथे स्क्रूंना प्लेटच्या भोकात थोडं कलायला जागा असते, म्हणून पट्टी चिरडली जात नाही, नुसती एका कडेला अडवली जाते. गुडघे आत वळलेले असतील तर प्लेट आतल्या बाजूला बसवायची.

ऑपरेशन म्हणावं तर अगदी किरकोळ. इंच-दीड इंचाचा छेद. हाडावरचं आवरण खरवडायचं नाही, ते जसंच्या तसं ठेवायचं. सी-आर्मच्या चालत्या एक्स-रेवर बघत एक बारीक सुई वाढीच्या पट्टीत सरकवायची. हाड लागलं तर सुई अडते. पट्टी सापडली तर खोडरबरात शिरावी तशी मऊ आत जाते आणि ते बोटांना कळतं. त्या सुईवरून प्लेट ओवायची, दोन स्क्रू पिळायचे, टाके घालायचे. प्लास्टर नाही. मूल एक-दोन दिवसांत उभं राहतं.

आणि इथेच माझं घोडं अडलं होतं. हाड कापण्याच्या ऑपरेशनचा मला अभिमान होता, खरं तर नशाच होती. वाकडा पाय आत जातो आणि सरळ होऊन बाहेर येतो. संध्याकाळी चादर बाजूला केली की आईच्या डोळ्यांत पाणी येतं, बाप पाया पडायला वाकतो. प्लेट घालून बाहेर आलेला पाय आत गेला होता तेवढाच वाकडा असतो. काय केलं ते दाखवायला काही नसतं; पुढे वर्ष-दीड वर्ष जे होतं ते मूल स्वतः वाढून करतं, सर्जन फक्त एक्स-रे बघत बसतो. मोठ्या ऑपरेशनचं बिल मोठं असतं, हेही लिहून टाकतो. पैशासाठी मी कुणाचं हाड कापलं नाही, पण या दोन पारड्यांत मन कुठे झुकतं हे मला ठाऊक होतं.

दहा-बारा वर्षांच्या, एरवी निरोगी मुलांत मी प्लेट वापरायला लागलो तेव्हा ती चालते हे लवकरच कळलं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक वर्षाला साधारण नऊ-दहा मिलिमीटर वाढतं. तेवढ्या जोरावर महिन्याला अर्धा-पाऊण अंश, कधी त्याहूनही जास्त सुधारणा होते. पण आजारी हाडांच्या मुलांबाबत मी हटून बसलो होतो. माझा मुद्दा बिनतोड वाटायचा : यांची वाढीची पट्टीच आजारी, ती धड वाढतच नाही, मग अडवून सरळ काय होणार? एका बैठकीत मी हे बोललो आणि पहिल्या रांगेतल्या माना डोलल्या.

मुडदुसाची मुलं सांभाळणाऱ्या आमच्याकडच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई आहेत. चहाच्या वेळी त्यांनी मला गाठलं. म्हणाल्या, “सर, पट्टी वाढतच नसती तर गुडघा दरवर्षी आणखी आत कसा गेला असता? आणि तुमचं ऑपरेशन पंधराव्या वर्षी. तोवर माझं औषध मी वाकड्या गुडघ्यावरच चालवायचं ना?” मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते देण्याजोगं नसावं.

त्यांनीच मला स्टीव्हन्स आणि क्लॅट यांचा २००८ सालचा लेख दिला. विषय नेमका हाच : आजारी वाढीच्या पट्ट्या आणि मुडदुसाची मुलं. पाय सरळ होत गेले हे त्यात होतंच. मला चकित केलं ते दुसऱ्या निरीक्षणाने. गुडघ्यावरचा तिरका भार हटल्यावर एक्स-रेमध्ये त्या पट्ट्याही सुधारलेल्या दिसत होत्या. मी आजवर धरून चाललो होतो की पट्टी आजारी आहे म्हणून पाय वाकडा. पाय वाकडा आहे म्हणूनही पट्टी जास्त आजारी दिसत असेल, ही बाजू मी तपासलीच नव्हती.

लेख वाचून मत पुरतं बदललं नाही. ते बदललं धाराशिवकडच्या एका मुलीमुळे. फॉस्फेट वाहून जाण्याचा मुडदूस, वय सहा. दिवसातून चार-पाच वेळा फॉस्फेटचं औषध, शिवाय ड जीवनसत्त्वाचं तयार रूप. औषध कडवट-खारट, पोट बिघडवणारं; बाप मधल्या सुट्टीत बाटली घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा. मी दोन्ही गुडघ्यांना वर आणि खाली अशा प्लेट बसवल्या. आजी बरोबर असायची. डिस्चार्जच्या दिवशी तिने नातीचे पाय निरखून बघितले आणि सरळ विचारलं, “डॉक्टर, पाय तर तसंच दिसत्यात. मग केलं काय?”

“आजी, आता हळूहळू सरळ होतील. वर्ष लागेल, जास्तही लागेल.”

“हळूहळू म्हंजी पोरगी करणार व्हय? मग तुमी काय करणार?”

“आम्ही बघत राहणार.”

आजीने सुनेकडे जो कटाक्ष टाकला तो मी विसरणार नाही.

सुरुवातीच्या तपासण्यांत काहीच दिसेना. सुधारणा होत असेल तर स्क्रूंची टोकं एकमेकांपासून फाकत जातात, मुलाच्या वाढीचा तो पुरावाच. इथे ती जशीच्या तशी. निरोगी मुलांच्या वेगाची मला सवय झालेली. मनात मी हाड कापायची तयारी करू लागलो होतो. मग एका फिल्ममध्ये टोकं किंचित फाकलेली दिसली, पुढच्या खेपेला आणखी. आणि गुडघ्याजवळची ती रुंद, कडा फाटक्या दिसणारी पट्टी अरुंद झाली होती, कडा नीटस. त्याच सुमारास बालरोगवाल्या बाईंनी मनगटाचा एक्स-रे काढला होता. दोन्ही फिल्म मी लाइटबॉक्सवर शेजारी लावल्या. मनगट जवळपास पहिल्यासारखंच होतं. मूल तेच, औषध तेच. फरक एवढाच की मनगटावर कुणी चालत नाही.

एका मुलीवरून सिद्धान्त होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो आणि स्वतःलाही सांगितलं. पण नंतर तशी मुलं येत गेली. वेग कमी, कधी फारच कमी. पण दिशा तीच. वाढ मंद आहे म्हणून थांबा, असं मी म्हणायचो. आता म्हणतो, वाढ मंद आहे म्हणूनच लवकर सुरुवात करा, कारण सरळ व्हायला या मुलांना निरोगी मुलांपेक्षा जास्त काळ लागणार आणि वाढ मात्र कायमची मिळणार नाही.

त्या मुलीचे गुडघे प्लेट काढल्यावर काही काळाने पुन्हा थोडे आत आले. हे अपेक्षित असतं. लहान वयात प्लेट काढली की अडवलेली बाजू उसळी घेते, आणि आजार तर मुक्कामालाच असतो. म्हणून आम्ही किंचित जास्त सुधारू देऊन मगच प्लेट काढतो. पूर्वी मी याला अपयशाच्या रकान्यात टाकलं असतं : ‘बघा, पुन्हा ऑपरेशन लागलं.’ आता टाकत नाही. दुसऱ्यांदा प्लेट घालणं म्हणजे पुन्हा तोच छोटा छेद. पुन्हा हाड कापणं नव्हे. मधली वर्षं ती सरळ पायावर चालली, आणि भार गुडघ्याच्या मधोमध पडत राहिला. काही जण प्लेट तिथेच ठेवून फक्त एक स्क्रू काढतात, पुन्हा लागलं तर तेवढाच परत घालायचा. मला ते पटत नाही. प्लेटभोवती हाड चढून नको असताना वाढ अडकू शकते.

छिन्नी मी टाकून दिलेली नाही. वाढ संपली असेल तर प्लेटचा काही उपयोग नाही. हाडाला पीळ असेल तर तो या प्लेटने सुटत नाही. एक पाय आत आणि दुसरा बाहेर, अशी वाऱ्याने कलल्यासारखी तऱ्हा असेल तर कधीकधी दोन्ही मार्ग लागतात. आजारी मुलांत हाडाचं टोक चिमुकलं आणि बरंचसं कूर्चेचंच असतं, एक्स-रेत उमटतच नाही. मग सांध्यात रंगद्रव्य सोडून आधी त्याचा आकार बघावा लागतो, नाहीतर स्क्रू थेट सांध्यात जायचा. मॉर्क्वियोच्या मुलाची मान वरच्या दोन मणक्यांपाशी सैल असू शकते. भूल देताना मान मागे वाकवली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते, म्हणून मानेची तपासणी झाल्याशिवाय त्या मुलाच्या गुडघ्याला हात लावायचा नाही. एलिस-व्हॅन क्रेवेल्डच्या आजारात गुडघे फार आत जातात आणि त्यातल्या बऱ्याच मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. तिथे आधी हृदयरोगतज्ज्ञ. अर्ध्या तासाचं ऑपरेशन असलं तरी तयारी अर्ध्या तासाची नसते.

थांबणंही मी पुरतं सोडलेलं नाही. ऊन न मिळाल्यामुळे, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडल्यामुळे झालेला साधा मुडदूस असेल तर लहान मुलाला औषध द्या आणि बघा. बरेच पाय त्यावरच सुधारतात. आणि हल्ली उलट्या टोकाची एक हौस दिसते, चार वर्षांच्या निरोगी मुलाला प्लेट सुचवण्याची. सोपं ऑपरेशन हातात आलं की ते कुणावर तरी करावंसं वाटतं. सालेनियस-वांकांचा आलेख भिंतीवर लावा, एवढंच माझं त्या मित्रांना सांगणं.

२०१३ साली आपल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. त्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलाला गुडघे जुळवून उभं करा, वाटी समोर ठेवा आणि घोट्यांमधलं अंतर बघा. सात वर्षांनंतरही ते बरंच असेल, एकाच पायाला बाक असेल, किंवा त्याच्या बरोबरीने मूल वयापेक्षा बुटकं असेल, मनगटं फुगीर असतील, तर ‘मोठं झालं की सरळ होईल’ म्हणू नका. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन आणि मनगट-गुडघ्याचा एक्स-रे एवढं तालुक्याच्या गावीही होतं. कारण कळलं की औषध आधी सुरू होईल, प्लेट लागलीच तर नंतर.

आणि ज्यांच्या मुलांना प्लेट बसवली आहे त्यांना : पाय सरळ दिसायला लागले, पोर खेळायला लागलं की घरची माणसं दवाखान्याची वाट विसरतात. सुगी असते, लग्नं असतात, रजा मिळत नाही. पण दर तीन-चार महिन्यांनी एक्स-रेला याच. प्लेटला कुठे थांबायचं ते कळत नाही. ती वेळेवर काढली नाही तर तोच गुडघा दुसऱ्या बाजूला वाकतो.